पाय हलतो का, एवढंच विचारू नका

मणका मोडून माणूस अतिदक्षता विभागात पडलेला असतो आणि बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पाय हलतो का? अंगावरून वारं गेलेल्या आजोबांना भेटायला येणाराही आधी हात उचलून दाखवायला सांगतो. त्यात गैर काही नाही. हालचाल डोळ्यांना दिसते, गेली की लगेच कळते आणि परत आली तर पेढे वाटता येतात. संवेदना दिसत नाही. ती गेल्याचं कधी कधी ज्याची गेली त्यालाही ठाऊक नसतं. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेला माणूस पुढची वीस-तीस वर्षं कशी काढेल, हे मात्र पाय किती हलला यापेक्षा न जाणवणाऱ्या कातडीवर आणि न कळणाऱ्या लघवीवर जास्त अवलंबून असतं, असं माझं मत आहे. लुळा पाय सहसा जीव घेत नाही. त्याच पायाच्या वर, बैठकीच्या हाडाखाली कुणाच्याही नकळत खोल गेलेली जखम घेऊ शकते.

असं का होतं, हे कळायला शरीरातले रस्ते थोडे समजून घ्यावे लागतात. हालचालीचा हुकूम जिथून निघतो तो मेंदूचा पट्टा, टाळूवरून कानापासून कानापर्यंत हेअरबँड लावला तर साधारण त्याच्या खाली येतो. तिथले तंतू एकत्र येत मेंदूच्या आत एका अरुंद जागेतून उतरतात, मानेच्या वर मेंदूच्या देठापाशी त्यांतले नव्वदेक टक्के बाजू बदलतात आणि मज्जारज्जूच्या कडेनं खाली जातात. तिथे दुसऱ्या पेशीला निरोप दिला जातो आणि तिचा तंतू स्नायूपर्यंत पोचतो. म्हणजे दोन पेशींचा प्रवास. पहिली तुटली तर स्नायू पुढे ताठर होतो, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली की अंगठा वर जातो. ही अंगठ्याची खूण बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरानं १८९६ मध्ये नोंदवली आणि आजही एमआरआयच्या आधी तीच पाहतात. दुसरी पेशी तुटली तर स्नायू लुळा पडतो, वाळतो, हातोडीला उत्तर देत नाही.

संवेदनेच्या वर जाणाऱ्या वाटा मात्र दोन आहेत. बारीक स्पर्श, कंप आणि सांधा कुठे वळला आहे याची जाण एका वाटेनं जाते. ही वाट मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूनं वर चढते आणि थेट मेंदूच्या देठापाशी पलीकडे जाते. वेदना आणि उष्ण-थंड यांची दुसरी वाट मज्जारज्जूत शिरल्यावर एक-दोन मणक्यांच्या अंतरातच बाजू बदलते. मज्जारज्जू अर्धाच कापला गेला, समजा चाकूच्या वारानं उजवा अर्धा, तर उजव्या पायातली ताकद जाते पण सुई टोचलेली तिथे कळते. डावा पाय धडधाकट चालतो आणि त्याला निखाऱ्याचा चटकाही कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्राऊन-सेकार यानं हे चित्र मांडलं, ते अजून त्याच्या नावानं ओळखलं जातं. घरची माणसं अशा वेळी उजव्या पायाला जीव लावतात, त्याला उशी, त्याला मालीश. भाजतो तो डावा.

एकच वाट बिघडते तेव्हा निदान हमखास उशिरा होतं. मज्जारज्जूच्या मधोमध पाण्याची पोकळी तयार होऊन वाढत गेली, तर पलीकडे जाणारे वेदनेचे तंतूच आधी कापले जातात. दोन्ही हात, खांदे, पाठीचा वरचा भाग इथे स्पर्श कळतो, पण चटका कळत नाही. तव्यावर भाकरी उलटताना बोटं भाजतात आणि फोड दिसल्यावर उमगतं. आपल्याकडे न कळता भाजणारी बोटं पाहिली की आधी कुष्ठरोगाचा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. फरक असा की कुष्ठरोगात बधिरपणा चट्ट्यापुरता किंवा एखाद्या नसेच्या पट्ट्यापुरता असतो, ती नस कोपरामागे जाड लागते आणि तिथला स्पर्शही जातो.

उलट प्रकार ब जीवनसत्त्वाच्या, म्हणजे बी-१२च्या कमतरतेत होतो. तिथे मागची वाट आणि हालचालीची वाट अशा दोन्ही झिजतात. माणूस सांगतो, गादीवर चालल्यासारखं वाटतं, चप्पल कधी निसटली कळत नाही, बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. शेवटची तक्रार लाखमोलाची. पायांची जागा सांगणारी वाट बंद पडली की मेंदू डोळ्यांवर काम भागवतो, आणि डोळे मिटले की तेही संपतं. घोट्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंप कळत नाही. तपासणी एवढी सोपी असूनही ती होत नाही. शुद्ध शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेले लोक यांत जास्त सापडतात. त्यातली मोठी चूक म्हणजे ‘रक्त कमी आहे’ म्हणून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देणं: हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची झीज तशीच चालू राहते. बी-१२ची इंजेक्शनं जितकी लवकर, तितकं जास्त परत मिळतं. वर्ष उलटून गेलं तर बरंच काही कायमचं जातं.

आता मेंदू. पक्षाघातात अर्धं अंग जातं, विरुद्ध बाजूचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तोंड वाकडं झालं की घाबरतातही. इथे एक बारकावा उपयोगी आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणून पक्षाघातात ओठ ओघळतो, पण भुवया वर करता येतात, डोळा बराचसा मिटतो. भुवईही उचलत नसेल आणि डोळाही उघडाच राहत असेल, तर बहुधा चेहऱ्याची नसच सुजलेली असते. पण हा निवाडा घरी करत बसू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. पहाटे पाचला कुणी उठवायला गेलं तेव्हापासून मोजली, तर हिशेब चुकतो. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढायला निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत वाव असतो.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत घरच्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान होतं ते खांद्याचं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवण्याचं काम हाडांपेक्षा स्नायू करतात. ते लुळे पडले की हाताच्या वजनानं गोळा खाली सरकतो, खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी फट पडते. त्यात वेदना कळत नसेल तर रोगी ओरडत नाही, आणि त्याला उठवायला दंड धरून ओढतात. महिन्याभरानं खांदा दुखायला लागतो आणि मग व्यायामच बंद होतो. उठवताना हात धरायचा नाही, कंबरेला आणि पाठीमागून खांद्याच्या पात्याला आधार द्यायचा. खुर्चीत बसवल्यावर कोपर ते पंजा पूर्ण उशीवर किंवा पुढच्या टेबलावर. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना, चालताना. दिवसभर घातली तर हात छातीशी वाकून आखडतो. दाराला पुली लावून चांगल्या हातानं लुळा हात डोक्यावर ओढण्याची जी पद्धत घरोघरी दिसते, ती तर बंदच व्हायला हवी. खांद्याचं पातं न फिरता हात वर ओढला जातो आणि मऊ भाग हाडांत चिमटतो.

उजव्या मेंदूचा झटका मला डाव्यापेक्षा जास्त फसवा वाटतो. डाव्याच्या झटक्यात बोलणं जातं, ते सगळ्यांच्या लक्षात येतं. उजव्याच्या झटक्यात माणूस व्यवस्थित बोलतो, विनोद करतो आणि ताटाच्या डाव्या अर्ध्यातली भाजी तशीच ठेवून ‘भाजी वाढलीच नाहीत’ म्हणून सुनेवर चिडतो. डोळे ठीक असतात, त्याच्या जगातली डावी बाजू मेंदूनं सोडून दिलेली असते. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजवीकडे कोंबतो. दाढी अर्धीच करतो. वर्तमानपत्रातली ओळ मधूनच वाचायला घेतो आणि बातमी लागत नाही म्हणून कागद ठेवून देतो. त्याहून अवघड प्रकार म्हणजे डावा हात हलत नाही हेच त्याला मान्य नसणं. ‘हलवला की आत्ता,’ असं तो शांतपणे सांगतो. याला हट्टीपणा समजून वाद घालू नये. या अजाणतेपणाला नाव देणाराही बाबिन्स्कीच, १९१४ साली. असा माणूस उठून चालायला जातो आणि पडतो, म्हणून याच्यावर नजर बोलता न येणाऱ्यापेक्षा जास्त हवी. उपाय साधे आहेत: पाणी, घंटी, चष्मा सुरुवातीला उजवीकडे ठेवायचे, पण बोलायला बसायचं डावीकडे. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक ओळ तिच्यापासून सुरू करायला लावायची. ताट मध्ये एकदा फिरवायचं.

हात हलवता येऊनही न वापरण्याची सवय लागते, तीही संवेदनेशी बांधलेली आहे. जो हात जाणवत नाही त्याच्यावर भरवसा बसत नाही. माणूस सगळं चांगल्या हातानं उरकतो आणि मेंदूतली त्या हाताची जागा आक्रसते. एडवर्ड टाउब यानं यावर उपाय काढला. चांगला हात जाडसर मोज्यात अडकवायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ, आणि अधू हाताकडून दोन आठवडे रोज सहा तासांपर्यंत काम करून घ्यायचं. हे सगळ्यांना लागू पडत नाही. मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून उचलता आली पाहिजेत. ज्याचा पंजा पूर्ण लुळा आहे त्याचा चांगला हात बांधणं म्हणजे निव्वळ छळ.

मज्जारज्जूकडे वळू. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कंबरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसता नसांचा झुबका. त्यामुळे कंबरेच्या खालच्या मणक्यात मार लागला तर नसा चेपतात, पाय लुळे पडतात आणि बरं होण्याची आशा तुलनेनं बरी असते. मात्र बैठकीचा भाग बधिर होऊन लघवी अडली, तर रात्र काढायची नाही. त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झाला पाहिजे. मानेत आणि पाठीत इजा झाली तर मज्जारज्जूच दुखावतो.

आपल्याकडे हे रोगी येतात ते बांधकामावरून, झाडावरून, विहिरीत पडून आणि रस्त्यावरच्या अपघातांतून. कोकणात-गोव्यात माडावरून पडलेला माणूस ही नेहमीची गोष्ट. पडलेल्याला दोघांनी हातपाय धरून उचलायचं आणि रिक्षात दुमडून घालायचं, यात मज्जारज्जूचा जो थोडा भाग वाचलेला असतो तोही जातो. एकानं डोकं दोन्ही बाजूंनी पक्कं धरायचं, तिघांनी खांदा, कंबर, पाय धरायचे, डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर अख्खं अंग एकाच वेळी कुशीवर वळवायचं आणि खाली फळी सरकवायची. दार काढून आणलं तरी चालेल. हलवण्याआधी दोन प्रश्न विचारून ठेवावेत: बोटं हलतात का, आणि मी आत्ता कुठे हात लावला? ही उत्तरं वेळेसकट डॉक्टरांना सांगावीत, पुढे त्यांना मोल येतं.

इस्पितळात जी तपासणी होते ती अंगाचा नकाशा काढण्यासारखी आहे. प्रत्येक बाजूला २८ ठरलेले बिंदू, प्रत्येकावर कापसाचा स्पर्श आणि सुईची टोच. बिंदूंना मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांची नावं आहेत: सी मानेतल्या, टी छाती-पाठीतल्या, एस अगदी खालच्या, आणि आकडा वरून खाली वाढत जातो. अंगठा सी-६, करंगळी सी-८, स्तनाग्र टी-४, बेंबी टी-१०, गुदद्वाराभोवतीची कातडी एस-४ आणि एस-५. स्नायूंना शून्य ते पाच गुण. शेवटी ए ते ई अशी श्रेणी लागते. नातेवाइकांना ए आणि बी यांत फरक दिसत नाही, दोन्हींत पाय हलतच नाहीत. फरक गुदद्वाराभोवतीच्या त्या एका जागी असतो. तिथे काहीच कळत नसेल आणि तिथला स्नायूही आवळता येत नसेल तर ए, काही कळत असेल तर बी. आणि बी-मध्येही जिथे कापूसच नाही तर सुईची टोच कळते, तिथे पुढे चालण्याची शक्यता जास्त असते, कारण मज्जारज्जूत वेदनेची वाट हालचालीच्या वाटेच्या जवळूनच जाते. एक वाचली असेल तर शेजारची थोडीफार वाचली असण्याचा संभव आहे. पाय हलतो का याचं उत्तर असं सुईकडून मिळतं. ही तपासणी करताना डॉक्टर संकोचतात, नातेवाईक त्याहून जास्त. ती झाली का, हे घरच्यांनी जरूर विचारावं.

पहिले काही दिवस-आठवडे मज्जारज्जू पूर्ण गप्प असतो. इजेखालचं सगळं लुळं, हातोडीला उत्तर नाही, मूत्राशय थंड. मग हळूहळू प्रतिक्षिप्त क्रिया परततात आणि एक दिवस पाय पुसताना गुडघा झटकन वाकतो. घरात फोनाफोनी सुरू होते. हा क्षण मला फार नाजूक वाटतो, कारण ते बहुतेक वेळा बरं होण्याचं लक्षण नसतं. मेंदूचा अंकुश सुटलेला मज्जारज्जू आपल्याच भरवशावर पाय उडवत असतो. ओळखायची खूण अशी: ‘हलव’ म्हटल्यावर हलला पाहिजे, ‘थांब’ म्हटल्यावर थांबला पाहिजे, आणि पांघरुणाचा, हाताचा स्पर्श नसताना पुन्हा जमलं पाहिजे. याच आठवड्यांत तेलमालीशवाले, हाडवैद्य आणि स्टेम सेलची पॅकेजं विकणारे गाठ घेतात, उडालेला पाय आपल्या खात्यावर जमा करतात. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांत असा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करायला मान्यता नाही. घर गहाण टाकण्याआधी एवढं वाचावं.

दुसऱ्या महायुद्धाआधी कंबरेखाली लुळा झालेला सैनिक फार काळ जगेल अशी कुणाची अपेक्षा नसे. तो पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं जायचा. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमान यानं १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलला विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रोग्याची कूस बदलायला लावली. पाय त्यानं कुणाचे बरे केले नाहीत, कातडी आणि मूत्रपिंडं सांभाळली, आणि माणसं जगू लागली. जगलेली माणसं १९४८ मध्ये त्याच आवारात धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरली, तिथून पॅरालिम्पिक निघालं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पायांनी अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचं कौतुक करताना रोज कातडी तपासण्याचं कंटाळवाणं काम कुणाला आठवत नाही.

ते काम असं. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत चुळबुळ करतो, कारण दाबलेली कातडी तक्रार करते. बधिर कातडी तक्रार करत नाही. हाडाखालच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि मांस आतून, हाडाच्या बाजूनं मरायला लागतं. वर दिसणारा लाल ठिपका हा त्याचा शेवटचा अंक असतो. म्हणून अंथरुणात दोन तासांनी कूस, तीही काटकोनात नव्हे, पाठीमागे उशी लावून ३० अंश. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी. व्हीलचेअरवर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून दोन मिनिटं भार काढायचा. हातांवर अंग उचलून दोन मिनिटं टिकत नाही आणि खांदे झिजतात, त्यामुळे वाकणंच बरं. सकाळ-संध्याकाळ आरसा घेऊन माकडहाड, बैठकीची हाडं, खुब्याच्या कडा, टाचा पाहायच्या. बोटानं दाबून लाली पांढरी होत नसेल, तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर भार नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीनं ऊब आणि कडकपणा चाचपायचा. औषधाच्या दुकानात मिळणारी हवेची गोल रिंग घेऊ नये, तिच्या कडा भोवतालचा रक्तपुरवठा तोडतात. लाल जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळूही नये. शेकायची गरम पिशवी, मांडीवरचा लॅपटॉप, दुचाकीचा सायलेन्सर आणि उन्हात तापलेली व्हीलचेअरची दांडी हे चार शत्रू पाठ करून ठेवावेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट: मान किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत खालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे ताप नसतानाही अंग तापतं. पंखा पुरत नाही, अंगावर पाणी शिंपडून मग पंखा लावावा लागतो.

लघवीबद्दल घरच्यांचा गोड गैरसमज असतो की ‘आपोआप होते, म्हणजे ठीक आहे’. मानेच्या-पाठीच्या इजेत मूत्राशय स्वतःहून आवळतं, पण त्याच वेळी खालचं दारही आवळलेलं असतं. थोडी बाहेर येते आणि दाब मागे, मूत्रपिंडांकडे जातो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय पूर्ण रिकामं केलं तर नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी भागतं. आजचा हिशेबही तोच: साबणानं हात धुऊन चार ते सहा तासांनी, मोठ्या माणसाला साधारण १२ किंवा १४ नंबरची नळी, एका वेळी ५०० मिलिलीटरच्या वर साठू द्यायचं नाही. त्याहून जास्त येत असेल तर आधी वेळ जवळ आणायची आणि पाणी दिवसभरात विभागून घ्यायचं. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं ही खड्याला दिलेली हाक आहे. लघवी गढूळ दिसली, पण ताप नाही, ताठरपणा वाढलेला नाही, तर अँटिबायोटिक घेऊ नये. असे कोर्स घेत राहिलं की खऱ्या तापाच्या वेळी औषधं चालत नाहीत.

ज्यांची इजा टी-६ किंवा त्याच्या वर आहे त्यांच्यासाठी एक धोका इतका मोठा आहे की तो लिहून खिशात ठेवावा. मूत्राशय तुंबलं, नळी मुरगळली, शौच अडलं, अंगठ्याचं नख रुतलं, की बधिर अंगातून निघालेली तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही, पण मज्जारज्जूत गोंधळ उडवते. खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब झपाट्यानं चढतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा. ताबडतोब उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा, मोजे, बेल्ट सैल करायचे. आडवं मुळीच करायचं नाही, दाब आणखी चढेल. मग नळी पाहायची: पीळ, गाठ, भरलेली पिशवी. नळी नसेल तर घालून मूत्राशय रिकामं करायचं. तरी उतरलं नाही तर भूल देणारी जेली लावून, दोन-तीन मिनिटं थांबून गुदाशय तपासायचा. दाब दर दोन ते पाच मिनिटांनी मोजायचा आणि उतरत नसेल तर इस्पितळ गाठायचं. तिथे फसगत ठरलेली असते. मानेच्या इजेनंतर या माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते १०० असतो. कॅज्युअल्टीत १४० दिसतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवतात. त्याच्यासाठी १४० म्हणजे किमान चाळीसनं चढलेला. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर तेही लगेच सांगायचं, त्यानंतर चोवीस तासांत नायट्रेट हे रक्तदाब उतरवणारं औषध दिलं तर दाब कोसळतो.

संवेदना नसलेल्या अंगाला बोलायचा आणखी एक मार्ग असतो: ताठरपणा. नेहमीपेक्षा पाय अचानक जास्त उडू लागले, तर बॅक्लोफेन हे ताठरपणा कमी करणारं औषध वाढवण्याआधी लघवीचा संसर्ग, खडा, जखम, बद्धकोष्ठता, रुतलेलं नख हे सगळं तपासावं. थोडा ताठरपणा कामाचाही असतो, काही जण त्याच्या जोरावर उभे राहतात, अंथरुणातून खुर्चीत सरकतात. सगळा घालवायच्या नादात ते जातं. बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून हळूहळू वाढवतात आणि तसंच हळूहळू कमी करतात. गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद केल्या तर ताप, भ्रम, आकडी येऊ शकते.

सी-६च्या इजेत बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट वर केलं की बोटांचे आखूड झालेले कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोरे, ताणले जाऊन मूठ आपोआप मिटते. या मुठीत पेला, चमचा, ब्रश धरता येतो. ही देणगी घरच्या व्यायामानं हातोहात घालवतात: मनगट मागे आणि बोटंही सरळ, असा एकदम ताण रोज दिला की कंडरे सैल पडतात आणि मूठ कायमची जाते. बोटं सरळ करायची असतील तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट मागे घ्यायचं असेल तर बोटं मिटलेली. ज्याला हातानं जेवायचं आहे त्याच्यासाठी हा नियम चालण्याच्या व्यायामापेक्षा मोठा आहे.

बधिर भाग दुखतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. टाचणी कळत नाही त्या पायात आग होते, करंट बसतात, पाय पिळल्यासारखा वाटतो. मेंदूच्या मध्यभागी, संवेदना येऊन पोचतात त्या ठिकाणी झटका आल्यावर अर्ध्या अंगात हेच होतं, नुसता वारा लागला तरी सोसत नाही. क्रोसिन, डायक्लोफेनॅक यांचा उपयोग होत नाही, डायक्लोफेनॅकचा मूत्रपिंडांना त्रास मात्र होऊ शकतो. प्रीगाबॅलिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांतलं एखादं कमी मात्रेनं, रात्री, सुरू करतात. झोप आणि पायांना सूज येते हे आधी सांगून ठेवलं तर लोक गोळी सोडत नाहीत. वेदना अर्ध्यावर आली तरी औषध लागू पडलं असं धरायचं. ‘पायात जाणीव येतेय म्हणून आग होतेय’ अशी समजूत घालणारे भेटतात. आशा म्हणून ऐकायला बरं, निदान म्हणून खोटं.

आणि एक उशिराची गोष्ट. इजेला काही महिने किंवा कितीतरी वर्षं उलटल्यावर मोडलेल्या जागेपासून मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वर चढू शकते. पाय तसेच असतात, त्यामुळे तपासायला जायचं कुणाला सुचत नाही. खुर्चीवर सफाईनं वावरणाऱ्या माणसाची पकड हळूच सैल होते, खोकल्यावर मान दुखते, आणि अंघोळीचं पाणी पूर्वी ज्या रेषेपासून गरम लागायचं ती रेषा चार बोटं वर गेलेली असते. एमआरआय करायला एवढं कारण पुरेसं आहे. ती रेषा कुठे होती हे सांगता यावं म्हणून घरी सोडतानाच्या २८ बिंदूंच्या तक्त्याची प्रत मागून घ्यावी आणि वर्षातून एकदा कापूस, सुई घेऊन तो कुणाकडून तरी पुन्हा भरून घ्यावा.